आत्याच्या वॉल्वचं आत्या सोडून सगळ्यांना माहीत होतं

हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. ऑफिसात लंच चालू आहे, डबा उघडलाच नाहीये, आणि घरी जाऊन लिहीन म्हटलं तर मी गाडी चालवता चालवता डोक्यात सगळं सारखं करून टाकीन आणि स्वतःला जरा बरी दाखवीन. मला माझी सवय माहितीये. म्हणून आत्ता. टायपिंगमध्ये चुका असल्या तर समजून घ्या यार.

तर आत्या. माझी आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. मोठी म्हणजे चांगली अठरा वर्षांनी मोठी, आता अठ्ठ्याहत्तरची आहे. लग्न नाही केलं. मुलींच्या सरकारी शाळेत गणित शिकवायची आणि बाबांना शिकवलं-वाढवलं पण तिनेच, कारण आजी लवकर गेली. आम्ही छत्रीबागेत राहतो, दुसऱ्या मजल्यावर, ती आमच्याबरोबरच. म्हणजे खरं तर आम्ही तिच्याबरोबर.

दोन वर्षांपासून तिला जिना चढवत नव्हता. पण ती ते दाखवायची नाही. पहिल्या मजल्यावर शर्माजींच्या कुंड्या आहेत, तिथे थांबून तुळशीची वाळलेली पानं काढत बसायची. मला वाटायचं काय आवड आहे हिला बागकामाची. इतकी मी हुशार.

मग मागच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या दिवशी झालं. आमच्याकडे महालक्ष्म्यांचा सगळा स्वयंपाक सोवळ्यात असतो. सोवळं म्हणजे आंघोळ करून, कोणी न शिवलेलं रेशमी नेसून स्वयंपाकघरात शिरायचं, आणि नैवेद्य होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. पुरण आत्याचं. आजी गेल्यापासून तिचंच, आई फक्त दारातून सामान देते. तर त्या दिवशी आत्या पुरण घोटता घोटता एकदम खाली बसली. चेहरा पांढरा. आई धावली तर ती म्हणाली, "हात लावू नकोस." आणि एवढं बोलून गेलीच, शुद्धच हरपली. बाबांनी उचललं शेवटी. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर नैवेद्य परत पहिल्यापासून करावा लागेल, माझ्यामुळे उशीर झाला.

हे मी मुद्दाम सांगतेय. आत्या कशी आहे हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणूच शकत नाही.

त्यानंतर डॉक्टर. एको झाला, इकडचे तिकडचे रिपोर्ट झाले, यात कितीतरी महिने गेले कारण आत्या प्रत्येक तपासणीला "बघू पुढच्या आठवड्यात" करायची. तुकोगंजातल्या हार्टच्या डॉक्टरांनी शेवटी समजावून सांगितलं. हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथे एक झडप असते, वॉल्व. तो तिचा चुन्यासारखा कडक झालाय, नीट उघडतच नाही, म्हणून दम आणि म्हणून चक्कर. औषधाने तो नरम होत नाही, बदलावाच लागतो. आता छाती उघडून करायचं तर आत्याची फुप्फुसं जुन्या दम्याने खराब आणि किडनी कमजोर. सर्जननी स्वतः सांगितलं की मी हात नाही लावणार, टेबलावरच काही होऊ शकतं. मग दुसरा रस्ता. त्याला टावी म्हणतात. मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी वर हृदयापर्यंत नेतात, नवा वॉल्व त्यात दाबून बसवलेला असतो, तिथे पोचला की उघडतो आणि जुन्याला बाजूला दाबून त्याच्याच जागी बसतो. छाती कापायची नाही. बहुतेक वेळा पूर्ण बेहोशसुद्धा करत नाहीत.

मी तर वेडीच झाली ऐकून. मतलब तुम्ही विचार करा ना, पायातून हृदय रिपेअर! मी त्या दिवसापासून जो भेटेल त्याला हेच सांगत होते. ऑफिसच्या चहावाल्या भियाला पण सांगितलं. तो म्हणाला, "क्या बात कर रिये हो मैडम, पाँव से?"

आत्याने फक्त एक विचारलं. महालक्ष्म्यांना उभी राहीन का? डॉक्टर म्हणाले, माताजी, दौड़ोगी. तेव्हा ती हो म्हणाली. त्या "हो"वर आम्ही सगळे इतके खूश झालो की तो "हो" कशाला आहे, कोणी बघितलंच नाही.

आता खरी गोष्ट. आत्या सीटी स्कॅनला आत होती आणि डॉक्टरांनी मला आणि बाबांना केबिनमध्ये बसवून सगळं सांगितलं, धोके, पेसमेकर लागू शकतो, सगळं. आणि मग म्हणाले की एक बात और, वॉल्वच्या पाकळ्या असतात त्या टिश्यूच्या असतात, गाईच्या हृदयाभोवती पातळ पडदा असतो त्याच्या. त्याच्यावर प्रक्रिया वगैरे करून बनवतात. कुछ परिवारों के लिए ये बात मायने रखती है, आप माताजी को घर पर आराम से बता दीजिए, कुछ पूछना हो तो मैं बैठा हूँ।

बघा, डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांची काहीच चूक नाही.

आत्या अजून स्कॅनलाच होती, आम्ही गाडी काढायला गेलो, तर पार्किंगमध्ये बाबा गाडीला किल्ली लावून तसेच उभे राहिले. म्हणाले, तिला नको सांगायला, ती नाही म्हणेल, आणि नाही म्हणाली म्हणजे काय ते तुला माहितीये. मी म्हटलं, हां बाबा, नको सांगायला. एवढंच. एका मिनिटाचं पण काम नव्हतं. मला तेव्हा वाटलं की मी किती मोठी, किती समजदार, बाबांनी मला या गोष्टीत घेतलं.

आणि मग मी काय केलं ते ऐका. घरी पोचायच्या आधीच, गाडीत बसून, मी भावंडांच्या ग्रुपवर टाकलं. गाय, पडदा, सगळं, वर दहा आश्चर्याच्या स्मायल्या, कारण मला ते इतकं भारी वाटलं होतं. आत्याला सांगू नका, असं पण लिहिलं. पुण्याच्या दादाने लगेच लिहिलं की आता आत्याला पोळा आला की आपण ओवाळायचं. सगळे हसले. मी पण हसली. मग ऑफिसात सांगितलं, मैत्रिणीला सांगितलं. मी नंतर मोजले, अकरा जणांना माहीत होतं. ज्या बाईच्या छातीत ते जाणार होतं ती सोडून अकरा.

भरती केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोसिजर होती. आदल्या दिवशी दुपारी जूनियर डॉक्टर फॉर्म घेऊन आले, माझ्याच वयाचे असतील. बाबा खाली औषधं आणायला गेले होते. डॉक्टरांनी हिंदीत सगळं वाचून दाखवलं, आत्या मान हलवत होती, आणि मग वाचता वाचता "टिश्यू वॉल्व" आलं. आत्याने पेन हातात धरलेलं तसंच ठेवलं.

आता हे आमचं घरचं आहे, या हिंदी शहरातल्या मराठी घरांमध्ये बहुतेक सगळीकडेच असेल. बाहेर हिंदी. पण काही नाजूक असलं की चारचौघांत पटकन मराठीत बोलून घ्यायचं. दुकानात भाव जास्त वाटला, पाहुण्यांकडे भाजी आवडली नाही, सगळं मराठीत. आत्याने पण तेच केलं. हळूच मला मराठीत विचारलं, "हे कशाचं असतं गं? जनावराचं तर नाही?"

मी म्हटलं, "नाही गं आत्या. सिंथेटिक असतं. कापडासारखं."

इतकं सहज निघालं तोंडातून. डॉक्टरांनी विचारलं, क्या पूछ रही हैं माताजी? आणि मी त्यांच्याकडे बघून म्हटलं, "पूछ रही हैं कि दर्द तो नहीं होगा।" ते हसले, म्हणाले, बिल्कुल नहीं माताजी, सुन्न करके करेंगे। मग मला विचारलं की बाकी सब समझा दिया ना इनको? मी म्हटलं, जी सर, सब।

आत्याने सही केली. तिची सही अजून शाळेच्या प्रगतिपुस्तकावरची असते तशीच आहे, एकही अक्षर खाल्लेलं नाही, पूर्ण नाव.

प्रोसिजर एकदम छान झाली. दुसऱ्या दिवशी ती वॉर्डमध्ये चालली. चौथ्या दिवशी घरी, आणि जिना, मी मागे उभी होते, ती कुंड्यांजवळ थांबलीच नाही. सरळ वर. वर जाऊन माझ्याकडे वळून बघितलं आणि म्हणाली, काय करून राहिलीस खाली, ये ना. बाबा तिथेच रडले. मी पण. मला त्या वेळी अजिबात लाज वाटली नाही, हे पण लिहून ठेवते. मला वाटलं बघा, आपण बरोबर होतो.

घरी येताना एक कार्ड दिलं होतं हॉस्पिटलने, कुठला वॉल्व, किती साईझ, ते जवळ ठेवायचं असतं. ते मी माझ्या कपाटात ठेवलं. आत्याला सांगितलं, माझ्याकडे सेफ आहे.

दीड महिन्याने तपासणीला गेलो, महालक्ष्म्यांच्या चार दिवस आधी. वेटिंगमध्ये आत्याच्या शेजारी एक जैन अंकल बसले होते, सत्तर-पंचाहत्तरचे, सोबत मुलगा. त्यांची टावी पुढच्या आठवड्यात होती आणि ते घाबरलेले होते, म्हणून खूप बोलत होते. आत्याला विचारलं, आपकी हो गई? आत्या एकदम टीचर झाली. त्यांना सगळं समजावलं, दुखत नाही, घाबरू नका, मी तर चौथ्या दिवशी जिना चढले. अंकल म्हणाले, डर पाँव का नहीं है माताजी, डर तो दूसरा था। गाय का लगता है ना अंदर. हमने तो तीन दिन मना ही करके रखी थी. घर में रोना-धोना मच गया. फिर मैंने महाराज साब से जाके पूछा, अपने मन से पूछा, तब हाँ करी।

त्यांचा मुलगा म्हणाला, पापाजी ने तीन दिन में तीन किलो हमारा वजन कम कर दिया। सगळे हसले.

आत्या पण हसली. मग म्हणाली, "मेरा वाला तो सिंथेटिक है।"

अंकल म्हणाले की नहीं माताजी, हमने तो सब डॉक्टरों से पूछ लिया, ये पाँव वाले में सब टिश्यू ही आते हैं, धातु वाला तो छाती खोल के लगता है. आणि मग त्यांना काहीतरी जाणवलं असावं, कारण लगेच म्हणाले, हो सकता है आपका अलग हो, आजकल तो रोज नया निकलता है। इतका भला माणूस.

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी फोनमध्ये बघितलं. फोनवर काहीच नव्हतं, स्क्रीन पण बंद होती.

तिथे सांगता आलं असतं. रिक्षात सांगता आलं असतं, तिथे दोघीच होतो, तेव्हा तर नक्कीच. मी उलट रिक्षात काय म्हटलं, माहितीये? मी म्हटलं, वेगवेगळ्या कंपनीचे वेगवेगळे असतात आत्या. तिने विचारलं पण नव्हतं.

महालक्ष्म्यांच्या दिवशी सकाळी ती आंघोळ करून आली ती साध्या सुती साडीत. आईला म्हणाली, या वर्षी पुरण तू कर, मी बाहेरून सांगते. आई घाबरली, परत दम लागतोय का? नाही म्हणाली, मस्त आहे मी. आणि दाराबाहेर खुर्ची घेऊन बसली, उंबऱ्याच्या बाहेर, आणि तिथून सांगत राहिली, आता उतरव, आता जायफळ. बाबांना वाटलं तिला आराम हवाय. सगळ्यांना तेच वाटलं. मी पानं मांडता मांडता त्या खुर्चीकडे बघत होते. मतलब, ज्याच्यासाठी ती त्या टेबलावर झोपायला तयार झाली, तेच तिने आपणहून सोडून दिलं, आणि कोणाला कारण सांगितलं नाही. मला वाचवलं तिने. सगळ्यांसमोर.

दुपारी पाहुणे गेल्यावर मी तिच्या खोलीत गेले. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण तिच्यासमोर उभी राहिले तर फक्त "आत्या, ते गाईचं आहे" एवढंच निघालं.

ती म्हणाली, "माहितीये. बस."

मी बसले. मी सांगायला लागले की बाबा घाबरले होते, तू नाही म्हणाली असतीस तर, आम्हाला तू हवी होतीस. सगळं खरं होतं आणि सगळं ऐकायला घाणेरडं वाटत होतं. तिने मला संपवू दिलं. शाळेत पण अशीच असेल, खोटं बोलणाऱ्या मुलीला पूर्ण बोलू देणारी.

मग म्हणाली, "त्या दिवशी तू डॉक्टरला भलतंच सांगितलंस, ते मी ऐकलं होतं. मला हिंदी येतं बाई. मला वाटलं, पोरगी लाजली, तरण्या डॉक्टरसमोर म्हातारीचे असले प्रश्न कसे विचारायचे. म्हणून मी पुढे ताणलं नाही. तुला ओशाळवाणं नको व्हायला."

मला ओशाळवाणं नको म्हणून. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. मी तिला फसवत होते आणि ती मला सांभाळत होती, त्याच मिनिटाला.

मी विचारलं, तू नाही म्हणाली असतीस का? खरं सांगू, मला तिच्याकडून "हो म्हटलं असतं गं" ऐकायचं होतं. म्हणजे सुटले असते.

ती म्हणाली, "ते आता मलाही कधी कळणार नाही. घाबरून हो म्हटलं असतं, कदाचित. नाही म्हणून घरी पण आले असते. त्या जैन माणसाला तीन दिवस मिळाले ना? मला एक संध्याकाळ पुरली असती. आता लागल्यावर काय, आता तर हृदय चाललंय, आता हो म्हणण्यात काय आहे."

मी म्हटलं, बाबांना रागव ना, बाबांनीच सांगितलं होतं. हो, मी हे पण म्हटलं. तेव्हा मात्र ती हसली, पण तिच्या नेहमीच्या हसण्यासारखं नव्हतं ते. म्हणाली, "तो भित्राच आहे, लहानपणापासून. त्याचं मला काही नाही. तू तर सगळ्यांना सगळं सांगत फिरतेस. दूधवाल्याला तुझ्या ऑफिसचं सांगतेस. मला तेवढं एक नाही सांगितलंस."

मग मी तिला अकरा जणांचं पण सांगितलं. सांगायलाच हवं होतं, नाहीतर ते पण एक राहिलं असतं. पोळ्याचा जोक नाही सांगितला. नाही, खरं लिहायचंय तर, तो पण सांगितला. तिने पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली, परत मारली.

मग म्हणाली, चष्मा आण माझा, आणि ती फाईल आण, आणि तू ठेवलंयस ते कार्ड. मी आणलं. म्हणाली, वाच. पहिल्या ओळीपासून. इंग्रजी वाच आणि मराठीत सांग, आणि तुला नसेल येत तर येत नाही म्हण, बनवून सांगू नकोस.

तर मी वाचलं. डिस्चार्जचा पूर्ण कागद. किती किती अर्थ मला येतच नव्हते, आणि मी अकरा जणांना एक्सपर्टसारखं सांगत फिरले होते. "हे मला नाही माहीत आत्या" असं मी तासाभरात इतक्या वेळा म्हटलं जितकं आयुष्यात म्हटलं नसेल. तिने वहीत लिहून घेतलं, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, एक-दोन-तीन आकडे घालून. कार्डावर वॉल्वच्या पुढे तो शब्द होता, गाईचा म्हणून. तिथे मी अडकले. तिने बोट त्या ओळीवर ठेवलं आणि म्हणाली, थांबू नकोस, पुढे.

हे परवाचं आहे. काल ती माझ्याशी नीट बोलली, डबा पण भरून दिला. पण आज सकाळी मी गोळ्यांची पट्टी तिच्या हातात दिली आणि म्हटलं ही रक्त पातळ करायची, तर तिने चष्मा लावून पट्टीवरचं नाव स्वतः वाचलं, कागदाशी जुळवून बघितलं, आणि मग घेतली. आधी ती न बघता तोंडात टाकायची, मी दिली म्हणजे झालं. ती रागात नव्हती. बस, बघितलं तिने. आणि मी तिथे पाण्याचा ग्लास घेऊन उभी होते.

आता तुम्ही सांगा. तुमच्या घरी कोणी मोठं माणूस असं फॉर्म समोर घेऊन बसलं असेल, त्याने तुम्हाला आपल्या भाषेत हळूच काही विचारलं असेल, आणि तुम्ही त्याच्या भल्यासाठी म्हणून त्याच्या वतीने उत्तर देऊन टाकलं असेल, असं झालंय का तुमच्याकडून? आणि झालं असेल तर परत कधी त्यांनी तुमच्या हातातून न बघता गोळी घेतली का? मला खरंच जाणून घ्यायचंय.